मी नानांचा बंब मोडीत घातला

...आता बंब न्हाणीघराच्या डाव्या कोपऱ्यात होता की उजव्या, एवढंसुद्धा मला छातीठोकपणे सांगता येत नाही, मग पुढचं सगळं तुम्ही माझ्याकडून ऐकावंच कशाला, सांगा! लहानपणी बंबाचं नरसाळं लागून डोक्याला टेंगूळ यायचं ते डाव्या बाजूला, हे पक्कं. म्हणजे बंब डावीकडे. पण टेंगूळ आत जाताना यायचं की बाहेर येताना? बाहेर येताना असेल तर बंब उजवीकडे! झालं! फिजिक्समध्ये डॉक्टरेट आहे माझी, तीही उष्णतेवर, छत्तीस वर्षं मुलांना उष्णता शिकवली, आणि स्वतःच्या घरातली उष्णता कुठल्या कोपऱ्यात होती ते सांगता येत नाही! म्हणून तुम्हाला सांगतो, आधीच सांगून ठेवतो... माझ्यावर जाऊ नका. तपासून घ्या.

विषय निघाला कशावरून... हां, नातीवरून. परवा तिनं गच्चीवर ते सोलरचं यंत्र बसवून घेतलं. मला विचारलं? छे! "आजोबा, टेन्शन नक्को, चोवीस घंटे गरम पानी!" पानी म्हणते ती. पाणी नाही, पानी. जाऊ द्या. तर खाली फाटकाशी भंगारवाला आमचा जुना गीझर काट्याला लटकवून वजन करतोय, मी वरच्या खिडकीतून बघतोय, आणि तिथून हलेचना. नात म्हणते, "आजोबा, बीपीची गोळी घेतली का?" आता हिला काय सांगू? गीझरचं मला काही नाही हो! चार गीझर झाले आजपर्यंत, एकाचाही चेहरा आठवत नाही. पण काट्याला लटकलेलं पाण्याचं भांडं बघितलं की मला आमच्या हैदराबादचा बेगम बाजार दिसतो, एकोणीसशे छप्पन्न साल दिसतं, आणि मी दिसतो... सत्तावीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला, एका हातात छत्री आणि कडेवर नानांचा बंब!

बंब तुम्ही पाहिलाय ना? का तोही संग्रहालयातच पाहिलाय? तांब्याचा, कमरेएवढा उंच, पोटातून आरपार नळा, नळ्यात विस्तव, नळ्याभोवती पाणी. वर नरसाळं, खाली तोटी. शेजारचे त्याला हमाम म्हणायचे, आम्ही बंब. आणि बंबाचा कायदा एकच: तोटीतून एक ऊन बादली काढलीत की नरसाळ्यातून एक थंड बादली घालायची. घ्या आणि घाला! विसरलात, तर आत पाणी खाली जातं, विस्तव तर चालूच, भांडं कोरडं पडतं आणि सांधे सुटतात. आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात देवाला नमस्कार करायला विसरलं तर चालायचं, बादली घालायला विसरलं तर नाही.

आणि त्या बंबापुढे पहाटे पाचपासून कोण बसायचं? मोलकरीण? नाही. नाना. आमचे वडील, भगवंतराव, महसूल खात्यातले मोठे अंमलदार, ज्यांच्यापुढे तहसीलदार खुर्चीत बसायचे नाहीत, ते डोक्याला मफलर गुंडाळून पाटावर बसायचे, एका हातात चिमटा, बाजूला नारळाच्या करवंट्यांची टोपली, आणि एकेक करवंटी अशी घालायचे, अशी, जणू फायलीवर सही करताहेत! आम्ही टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत. "थांब, तापतंय." आणि तेवढ्या वेळात ते आमच्याशी बोलायचे. तुम्हाला सांगतो, दिवसभरात बोलायचे ते तेवढंच. एकदा पाणी अंगावर घेतलं, कोट चढवला, की संपलं. दफ्तरात, म्हणजे कचेरीत, काय चाललंय, बढती झाली, बदली झाली, पगार किती... काही म्हणजे काही घरात सांगायचे नाहीत. "दफ्तरची बात दफ्तरात. कागद सरकारचा, त्याची वार्ता स्वयंपाकघरात कशाला?" त्यांना बढती मिळाल्याचं आईला एकदा भाजीवाल्याकडून कळलं होतं! आणि आईसुद्धा अशी, की ती विचारायची नाही. नवऱ्याला सरळ प्रश्न विचारणं तिच्या माहेरच्या रीतीत बसत नव्हतं.

पण बंबापुढे? बंबापुढे सगळं निघायचं. माझं लग्नसुद्धा त्यांनी मला बंबापुढे सांगितलं. "श्रीनू, सिकंदराबादची मुलगी आहे. रेल्वेवाल्यांची. कुसुम नाव. रविवारी पाहून ये... पाणी झालं, घे." संपलं! माझं आयुष्य ठरलं आणि मी बादली उचलली.

तर ते छप्पन्न साल. आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार हे ठरलेलं. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूरकडे, आणि आम्ही... आम्ही म्हणजे हैदराबाद शहर... आंध्रात. आणि सरकारी नोकरांना विचारलं, बाबांनो, तुम्ही कुठं जाणार? कागदावर लिहून द्या. त्याला ऑप्शन म्हणायचे की प्रेफरन्स, माझ्यावर जाऊ नका, तपासून घ्या. पण गल्लीगल्लीत तोच विषय! मराठी घर दिसलं की लोक "कैसे हैं" विचारायच्या आधी विचारायचे, "जारे क्या?" मुंबईकडे जायचं लिहून दिलं तर सामान बांधा. इथं राहायचं लिहून दिलं तर तेलुगु शिका. आणि आमच्या घरात काय? आमच्या घरात शांतता! नानांनी काय लिहून दिलं, दिलं की नाही दिलं, देणार आहेत की नाहीत... दफ्तरची बात!

आईला तर धसकाच बसला होता. ती इथं जन्मलेली. दोघी बहिणी इथं, एक काचीगुड्यात, एक शालीबंड्याला. तिचं गंडीपेट तलावाचं पाणी, तिचा चिंचवाला, तिचा टांगेवाला. मुंबईबद्दल तिला एवढंच माहीत, की तिथं नळाला रांग असते आणि वरचा माणूस चालला की खालच्याच्या ताटात माती पडते. आणि माझं काय? माझी नोकरी इथं, युनिव्हर्सिटीत. ती काही मुंबईला न्यायची सोय नाही. नाना-आई गेले तर घराचे दोन तुकडे. मी रात्रंदिवस तोच हिशोब करतोय... म्हातारपणी यांच्याकडे कोण बघणार, मी नोकरी सोडू का, सोडली तर कुसुमला काय सांगू... पण नानांना विचारलं? नाही! डॉक्टरेट झालेला माणूस, वडिलांना एक प्रश्न विचारायची हिंमत नाही.

त्यात एकनाथकाका. नानांचे चुलतभाऊ. त्यांनी मुंबईचं लिहून दिलं होतं आणि रोज संध्याकाळी येऊन ओसरीवर बसायचे. "भगवंता, ठरव रे बाबा! आपल्या माणसांत चल! इथं राहशील तर उद्या फायलीवर ती जिलबीसारखी अक्षरं काढावी लागतील!" आणि नाना सुपारी कातरत म्हणायचे, "उर्दू शिकलो तशी काढू." काका हसायचे, आम्ही हसायचो. आम्हाला वाटलं, विनोद केला.

आता या सगळ्यात श्रावण आला. कुसुमची पहिली मंगळागौर. पंधरा-सोळा पोरीबाळी पहाटेपासून घरात, सगळ्यांना ऊन पाणी पाहिजे, बंब धडधडतोय, बादल्यांवर बादल्या, आणि नाना बिचारे बायकांच्या गर्दीत नको म्हणून त्या दिवशी बंबापासून उठून बाहेर गेलेले. तासाभरानं न्हाणीघरातून आवाज आला... टिक्... टिक्... फस्स्स! बंबाच्या बुडाचा सांधा सुटला होता, पाणी विस्तवावर, वाफ, राख, धूर, पोरी किंचाळताहेत! कुणीतरी शेवटची बादली काढली होती आणि घातली नव्हती.

कुणी? सगळ्यांनी कुसुमकडे पाहिलं. माझी काचीगुड्याची मावशी... तिचा आवाज असा, नाकातून... "हॅंऽ, रेल्वेवाल्यांची लेक ती! माहेरी इंजिनातून ऊन पाणी आणत असतील! तिला काय बंबाची शिस्त!" कुसुम खाली मान घालून उभी. आणि मी दारात. ओल्या केसांनी. आता तुम्हीच सांगा, पूजेच्या दिवशी सकाळी दारात ओल्या केसांनी उभा असलेला माणूस कोण असतो? नुकताच आंघोळ करून आलेला असतो! मी घातली होती का बादली? मला तेव्हाही आठवलं नाही, आत्ताही आठवत नाही. बहुतेक नव्हती घातली. बहुतेक काय... जाऊ द्या. मी बोललो नाही. कुसुमनं माझ्या केसांकडे एकदा पाहिलं फक्त. पुढं बावन्न वर्षं संसार झाला, तिनं मला रोज काही ना काही सुनावलं, पण यावर तेवीस वर्षं एक शब्द नाही. त्यामुळंच तर...

असो. संध्याकाळी नाना आले. त्यांनी बंब पाहिला, साबण आणि चुना मळून त्या फटीत भरला, आणि म्हणाले, "होईल दुरुस्त." आणि आई म्हणाली, तुम्हाला सांगतो, आई, जिनं आयुष्यात कधी नवऱ्याच्या वाक्यानंतर वाक्य टाकलं नव्हतं, ती म्हणाली, "दुरुस्त कशाला? आता विजेचा बॉयलर बसवू या. भिंतीत."

भिंतीत! तो 'भिंतीत' ज्या तऱ्हेनं म्हणाली ना...

नाना म्हणाले, "बंब बरा. उचलला की चालला."

आईचा चेहरा पांढरा पडला. उचलला की चालला! म्हणजे कुठं चालला? मुंबईला चालला! मी कुसुमकडे पाहिलं, कुसुमनं माझ्याकडे. कळलं! सगळ्यांना कळलं! यांचा जायचा बेत आहे!

आणि तिथून सुरू झालं, की नावाला बोलणं बंबाचं आणि खरं बोलणं दुसरंच! आई म्हणायची, "भिंतीत बसवलेली वस्तू बरी बाई, हलत नाही." नाना म्हणायचे, "हलत नाही ती वस्तू बिघडली की काय करायचं?" आई म्हणायची, "नव्यात मन रमत नाही असं थोडंच असतं!" नाना म्हणायचे, "पण जुन्याचं काय वाईट?" मी मधे उभा, एकदा इकडे मान, एकदा तिकडे, आणि प्रत्येक वाक्याचा मनात तर्जुमा करतोय! जुनं म्हणजे काय, मराठी मुलूख? बिघडली म्हणजे काय, नवं राज्य? रात्री कुसुम म्हणायची, "अहो, ते नुसतं बंबाबद्दल बोलत असतील." मी म्हणायचो, "तुला आमच्या घरातलं बोलणं कळायला अजून वेळ लागेल." शहाणा! केवढा शहाणा!

मग आईनं अप्पारावला बोलावलं. अप्पाराव म्हणजे वीज, नळ, सगळं करणारा मिस्तरी, सायकलला शिडी बांधून यायचा, बोलायला लागला की अर्धं तेलुगु अर्धं दखनी. आला, बंबाला प्रदक्षिणा घातली, कपाळाला हात लावला. "अय्यो सार! ये हमाम को रिटायर करो! गीझर लगाऊँगा, बटन दबाया, पानी हाजिर!" मी म्हटलं, "बरं, बसवा." "हौ सार. लेकिन गीझर को ऊपर से पानी होना. छत पे टाकी बांधो." टाकी. "टाकी से नल. दीवार फोडना." भिंत. "वायर भी मोटी होना, मीटर से अलग." वायर. "फिर इधर का फर्श..." फरशी! प्रत्येक वस्तू ऐकली की आईचा चेहरा उजळतोय! टाकी! भिंत! फरशी! एवढं सगळं बांधल्यावर कोण जातंय घर सोडून! आणि नाना पाटावर बसून त्याच क्रमानं काळे पडताहेत.

आणि मग एक दिवस पहाटे, मी रांगेत, टॉवेल खांद्यावर, नाना करवंटी घालता घालता म्हणाले, "श्रीनू, तू उष्णतेचा डॉक्टर ना?"

"हो नाना."

"मग सांग. चुलीवर तापवलेलं पाणी अंगावर टिकत नाही. बंबाचं टिकतं. का?"

मी म्हटलं, "नाना, तसं काही नसतं. तापमान सारखं असेल तर..." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी प्रयोगशाळेतून दोन थर्मामीटर आणले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दोन बादल्या मांडल्या, एक चुलीवरची, एक बंबाची. दर दोन मिनिटांनी आकडे लिहितोय. सारखे! शेवटपर्यंत सारखे! मी वही नानांपुढे धरली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली, नीट वाचली, आणि परत देत म्हणाले, "थर्मामीटरला अंग असतं का?"

आता याचं उत्तर द्या! मला त्यावर साठ वर्षांत उत्तर सापडलेलं नाही. आणि तेव्हा मी काय तर्जुमा केला? मी म्हटलं, म्हणजे यांना हैदराबादेत आपलेपणा वाटेनासा झालाय! बघा!

भाद्रपद लागायच्या आत नाना आठ दिवसांच्या दौऱ्यावर वरंगळला गेले. आई माझ्याकडे आली. बंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डोळ्याला पदर लावला. बास! माझ्यासारख्या शंकेखोर माणसानं आयुष्यात एकदाच काही न तपासता केलं असेल, तर ते तेव्हा. रिक्षा बोलावली, बंब कडेवर घेतला आणि थेट बेगम बाजार!

मोडीचं दुकान. दुकानदारानं बंबावर टिचकी मारली. टण्ण! असा आवाज आला की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावला. "अरे साब," तो म्हणाला, "ये तो जिंदा है! एक टांका लगाओ, पचास बरस चलेगा! कायकू मोड में डालते?" मी म्हटलं, "घर की बात है." त्यानं माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "बुजुर्गों को पूछे?" आणि मी... मी म्हटलं, "हौ." तुम्हाला सांगतो, माझ्या प्रबंधातसुद्धा एक खोटं वाक्य नाही. हे एक, बेगम बाजारात. त्यानं बंब काट्याला लटकवला. थोडा वेळ तो गरगर फिरला आणि नानांनी भरलेला साबण-चुन्याचा खपला खाली पडला. बदल्यात मला दोन लोखंडी बादल्या मिळाल्या. निळ्या रंगाच्या की हिरव्या... माझ्यावर जाऊ नका.

आठ दिवसांत अप्पारावनं भिंत फोडली, टाकी चढवली, गीझर बसवला. पांढरा शुभ्र! त्याला लाल दिवा! नाना आले. बॅग ठेवली, हातपाय धुवायला न्हाणीघरात गेले. बाहेर आले.

"बंब कुठंय?"

आई देवघरात शिरली. मी म्हटलं, "नाना... मी... मोडीत घातला."

ते थोडा वेळ माझ्या बादल्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

एवढंच! रागावले असते तर बरं झालं असतं! दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून आले, आम्ही सगळे ओळीनं उभे, परीक्षेच्या निकालाला उभे असल्यासारखे. मी विचारलं, "कसं आहे नाना?"

"पाणी गरम आहे."

"पण?"

"पण काही नाही. गरम आहे."

आणि ते दररोज! मी विचारायचो, "झाली का आंघोळ? पाणी बरं होतं?" "गरम होतं." आणि आणखी एक झालं, ते मला तेव्हा कळलंच नाही, कुणालाच कळलं नाही. पहाटेची रांग मोडली. थांबायचं कशाला? ज्याला पाहिजे तेव्हा त्यानं जावं, कडी लावावी, बटन दाबावं. नाना पाच वाजता उठायचे, सवयीनं, मफलर गुंडाळून ओसरीवर बसायचे. हातात चिमटा नाही, पुढं विस्तव नाही. एक कसलंसं लहान मुलांचं पातळ पुस्तक घेऊन बसायचे आणि काहीतरी गिरवायचे. आईला वाटलं, शेजारच्या मुलाचं असेल. मी विचारलं नाही. पाणी तापायची वाट बघायची नव्हती ना, मग थांबू कशाला?

आणि एक नोव्हेंबर आला. नवं राज्य. आणि त्याच दिवशी पहाटे नरकचतुर्दशी, असं मला आठवतं. दोन्ही एकाच दिवशी? हे जरा जास्तच जुळतं, म्हणून तपासून घ्या. पण बाहेर फटाके चालू होते आणि ते राज्याचे की दिवाळीचे कळत नव्हतं, हे मला आठवतं. आम्ही सगळे तेलानं माखलेले, उटण्याचा वास, कुसुमच्या हातात ओवाळायचं तबक. मी रुबाबात गीझरचं बटन दाबलं... फट्! फ्यूज! सगळं घर काळोखात! लाल दिवा गेला, पिवळा दिवा गेला. काचीगुड्याची मावशी आलेली होतीच. "हॅंऽ, डॉक्टरसाहेब! लावा की तुमची वीज!" मी मेणबत्ती घेऊन फ्यूजपाशी उभा. तुम्हाला सांगतो, विजेचे सगळे नियम मला पाठ होते. तार कुठं अडकवायची ते माहीत नव्हतं.

तेवढ्यात परसातून उजेड दिसला. नानांनी तीन विटा मांडल्या होत्या, वर मोठं पातेलं, खाली करवंट्या... टोपली त्यांनी फेकली नव्हती! जपून ठेवली होती, माळ्यावर! अंगाला तेल, डोक्याला मफलर, विस्तवापुढे पाटावर बसले होते, आणि आम्ही सगळे, कुणी न बोलावता, टॉवेल घेऊन त्यांच्यामागे रांगेत उभे राहिलो. करवंट्या तडतडत होत्या. आणि आई एकदम म्हणाली, त्या उजेडात, सरळ नानांकडे बघून, लग्नाला बत्तीस वर्षं झाल्यावर पहिल्यांदा सरळ प्रश्न:

"अहो, आपण इथंच राहणार ना?"

नानांनी मान वळवली. त्यांना खरंच काही कळलं नाही असं त्यांचं तोंड झालं.

"मग कुठं जायचंय?" ते म्हणाले. "थांब. तापतंय."

आई रडायला लागली. मावशी रडायला लागली. कुसुमनं हातातलं तबक खाली ठेवलं. आणि मी? मला काय वाटलं असेल? मला वाटलं, जिंकलो! मी बंब मोडीत घातला म्हणून नाना थांबले! त्यांची जायची वस्तूच मी काढून घेतली! मी घर वाचवलं! कुणाला सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी या गोष्टीवर मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. नाना शेवटपर्यंत इथंच राहिले, तेलुगुत सह्या करून निवृत्त झाले, रोज सकाळी "पाणी गरम आहे" म्हणाले, आणि अठ्ठ्याहत्तर साली गेले. एकनाथकाका आपला बंब रेल्वेनं मुंबईला घेऊन गेले होते. तिथं धूर करायला परवानगी नव्हती. त्यात त्यांनी तांदूळ भरून ठेवले.

मग पुढच्या वर्षी आईच्या पेन्शनचं काम निघालं. त्यासाठी नानांचं सर्व्हिस बुक लागलं. मी पेन्शनच्या कचेरीत बाकावर बसलोय, कारकुनानं ते जाडजूड बुक माझ्यापुढं टाकलं, मी सहज पानं उलटतोय... जन्मतारीख, बढती, बदली, तीच ती आईला भाजीवाल्याकडून कळलेली... आणि एका पानावर लाल शाईत दोन ओळी. भगवंतराव यांनी हैदराबादेतच राहण्याचा विकल्प दिला. खाली नानांची सही. खाली तारीख.

सहा जून एकोणीसशे छप्पन्न.

कारकून म्हणाला, "क्या हुआ जी? तबियत ठीक है?" मी म्हटलं, "जरा ये तारीख पढो." त्यानं वाचली. सहा जून. मी चष्मा पुसला, परत वाचली. सहा जून! आणि कुसुमची मंगळागौर श्रावणात! म्हणजे ऑगस्टात! बंब फुटायच्या दोन महिने आधी नानांनी लिहून दिलेलं होतं, इथंच राहायचं म्हणून! आणि पहाटे ओसरीवर ते पातळ पुस्तक... तेलुगु बालबोध होतं ते! पुढं माळ्यावर सापडलं, त्या करवंट्यांच्या टोपलीत, समासात नानांची गिरवलेली अक्षरं, काही उलटी. आणि "उचलला की चालला" म्हणजे... म्हणजे उचलून बेगम बाजारात नेला की एक टाका मारून मिळतो! दुकानदारानंही तेच सांगितलं होतं! त्या सबंध श्रावणात आमच्या घरात एकच माणूस बंबाबद्दल बोलत होता आणि तो फक्त बंबाबद्दलच बोलत होता!

घरी येऊन कुसुमला सांगितलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मी तेव्हाच म्हटलं होतं." आणि मग, चिरलेली भाजी पातेल्यात टाकत, "आणि बादली तुम्हीच घातली नव्हतीत."

आईला मी सांगितलं नाही. म्हटलं, दफ्तरची बात.

तर एवढंच. बंब डावीकडे की उजवीकडे, बादल्या निळ्या की हिरव्या, दिवाळी आणि नवं राज्य एकाच दिवशी की नाही, सगळं तपासून घ्या, माझ्यावर जाऊ नका. पण सहा जून? सहा जूनसाठी माझ्यावर जा. ती तारीख मी तपासली आहे. दोनदा.